इंजिन ऑइलच्या डब्यावरचे आकडे आले कुठून

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती तेव्हा गल्लीतले मिस्त्री डिपस्टिक बाहेर काढायचे, टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटात धरून चोळायचे, मग बोटं हळूच लांब करून तार किती ताणते ते बघायचे आणि सांगायचे, "अजून हजारभर किलोमीटर जाईल, बिनधास्त चालवा" नाहीतर "पातळ झालं, काळं पण पडलंय, टाका बदलून". आजही नवी गाडी घेतलेला कुणी "कुठलं ऑइल बेस्ट?" असं विचारतो तेव्हा त्यामागे हीच दोन बोटं असतात, जाड ते चांगलं, पातळ ते कमकुवत, काळं ते खराब. ह्यातली प्रत्येक समजूत एकेकाळी बरोबर होती. ती कधी आणि का मागे पडली हे कळलं की दोन डबे शेजारी ठेवून तुलना करणं फार सोपं जातं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

वंगण हा शब्द आपल्याकडे बैलगाडीच्या कण्यापासूनचा आहे आणि त्यात एरंडेल असायचं, आणि गंमत बघा, सुरुवातीच्या मोटारी आणि विमानांतही तेच होतं. जमिनीतलं तेल १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला ड्रेकने विहीर खणली तिथून मिळायला लागलं, १८६६ ला अमेरिकेत व्हॅल्व्होलीन आणि व्हॅक्युम ऑइल (हीच पुढची मोबिल) ह्या दोन्ही कंपन्या सुरू झाल्या, पण तेव्हा गिऱ्हाईक होतं वाफेचं इंजिन. ब्रिटनच्या वेकफील्डने १९०९ मध्ये मिनरल ऑइलमध्ये एरंडेल मिसळून मोटारीसाठी ऑइल काढलं आणि कॅस्टर ऑइलवरूनच त्याचं नाव कॅस्ट्रॉल ठेवलं. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांना तर एरंडेलच लागायचं, कारण त्यांत पेट्रोल क्रँककेसमधून जायचं आणि एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. जळलेलं तेल वैमानिकाच्या तोंडावर यायचं, पोटात जायचं, आणि मग पोट बिघडायचं. एरंडेलाची फिल्म खरंच दणकट असते, पण ते जुनं होत गेलं की चिकट डिंकासारखं बसतं, म्हणून रोजच्या गाडीतून ते गेलं.

१९११ मध्ये एसएई ह्या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेने ऑइलला जाडीप्रमाणे नंबर द्यायला सुरुवात केली. आजचं ३०, ४०, ५० तिथून आलं, आणि त्यात क्वालिटीबद्दल एक अक्षरही नव्हतं, फक्त जाडी. तरी आपण आजसुद्धा ५० म्हणजे ३० पेक्षा "भारी" समजतो. खरी तुलना १९२९ मध्ये आली, डीन आणि डेव्हिस ह्या दोघांनी व्हिस्कॉसिटी इंडेक्स मांडला तेव्हा. त्यांनी विचारलं की तापल्यावर ऑइल किती पातळ होतं, आणि तेव्हाचं सगळ्यात स्थिर पेनसिल्व्हेनियाचं ऑइल १०० धरलं, सगळ्यात जास्त पातळ होणारं गल्फ किनाऱ्याचं ० धरलं. आज सिंथेटिक १५० च्याही वर जातं, म्हणजे त्या काळच्या सर्वोत्तम ऑइलच्या पट्टीतच ते मावत नाही.

१९३३ ला डब्ल्यू आला. डब्ल्यू म्हणजे विंटर, ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड ऑइलच्या जाडीचा आणि दुसरा गरम ऑइलच्या, म्हणून आपल्याकडे लोक म्हणतात की इथे कुठे बर्फ पडतो, पहिला आकडा आपल्याला काय करायचाय. हे मला मनापासून खोडायचंय. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशाला दहा-अकरा सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक, आकडा मोठा तितकं ऑइल जाड) असतं आणि ४० अंशाला साठच्या वर, आणि २०डब्ल्यू-५० तर ४० अंशाला दीडशेच्या आसपास. म्हणजे नागपुरात मे महिन्याच्या दुपारी उभी असलेली गाडीसुद्धा इंजिनच्या हिशोबाने थंडच असते, आणि चावी फिरवल्यावर पहिले काही सेकंद कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोचायला जो वेळ लागतो त्यात झीज होते, तिथे पातळ ऑइल लवकर पोचतं. पन्नासच्या दशकात मल्टिग्रेड आलं, त्यात पॉलिमर असतात जे थंडीत गुंडाळून पडतात आणि गरम झालं की उलगडतात म्हणून ऑइल फार पातळ होत नाही. हे पॉलिमर गिअर, बेअरिंगमध्ये दळले जाऊन तुटतात आणि तसं झालं की ऑइल पातळ होतं, त्यामुळे मिस्त्रींची तार अगदीच चुकीची नव्हती, फक्त पेट्रोल मिसळल्याने पातळ झालं की पॉलिमर तुटल्याने हे बोटांना कळायचा मार्ग नव्हता.

काळं ऑइल ही समजूत मात्र पूर्ण उलटली. १९३५ च्या सुमारास कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या रिंगा कार्बनने अडकून बसायच्या, तेव्हा स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने डेलो नावाचं ऑइल काढलं ज्यात डिटर्जंट होता, आणि तिथून ऑइलचं काम नुसतं गुळगुळीत ठेवणं न राहता धुणं पण झालं. आधीच्या ऑइलमध्ये काजळी तळाशी बसायची आणि वरचं ऑइल बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं, आता डिटर्जंट ती काजळी उचलून स्वतःत धरून ठेवतो, म्हणून डिझेल गाडीचं नवं ऑइल हजार किलोमीटरच्या आत काळं दिसलं तरी नुसत्या रंगावरून ते खराब म्हणता येत नाही.

चाळीसच्या दशकात झिंकचं एक केमिकल आलं, झेडडीडीपी, आधी बेअरिंग गंजू नये म्हणून आणि मग कळलं की ते धातूवर पातळ थर धरून झीज पण थांबवतं. त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर साफ करणारा भाग) खराब करतो, म्हणून कन्व्हर्टर आल्यावर त्यावर मर्यादा आल्या आणि २००४ पर्यंत ३० आणि त्याखालच्या ग्रेडमध्ये ०.०८ टक्क्यांवर आल्या. आपल्याकडे १९९५ ला मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यानंतर हा विषय आपलाही झाला. पातळ, नव्या एनर्जी सेव्हिंग ऑइलमध्ये झीज थांबवणारं हे केमिकल कमी असतं, म्हणून ज्यांच्याकडे जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर आहे त्यांनी ते टाकू नये, ४० किंवा ५० ग्रेडवर फॉस्फरसची ती मर्यादा लागत नाही. तसंच उलट, तेच एनर्जी सेव्हिंग कार ऑइल बाईकमध्ये टाकू नये, बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घसरतो, त्यासाठी डब्यावर जासो एमए (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) बघा.

डब्यावर एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) क्वालिटी सांगणारी जी दोन अक्षरं असतात त्यांची सुरुवात १९४७ च्या रेग्युलर, प्रीमियम, हेवी ड्यूटी अशा साध्या नावांनी झाली. मग एसए, एसबी करत आपण एसपीवर आणि २०२५ ला एसक्यूवर आलो. एसए मध्ये ॲडिटिव्ह, म्हणजे वरून मिसळलेलं केमिकल, नसायचंच. एसपी मे २०२० ला आलं आणि मुख्य कारण छोटी टर्बो इंजिनं, त्यात कमी आरपीएमला पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो, आणि शोध घेतल्यावर दिसलं की ऑइलमधला कॅल्शियम डिटर्जंट त्याला हातभार लावतो, म्हणून त्यातला काही भाग मॅग्नेशियमने बदलला. इंजिन सुधारलं आणि त्यासाठी ऑइलची रेसिपी बदलावी लागली, हे मला ह्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

सिंथेटिकचं भांडण वेगळंच. १९७१ ला मोट्युल ३००व्ही, १९७२ ला ॲम्सॉइल, १९७४ ला मोबिल १, ही पहिल्या पिढीची नावं, आणि ती जेट इंजिनांत आधीच वापरात असलेल्या एस्टरसारख्या किंवा लॅबमध्ये जोडलेल्या रसायनांवर उभी होती. मग कॅस्ट्रॉलने क्रूडमधूनच, हायड्रोजनच्या दाबाखाली साफ केलेलं ग्रुप ३ बेस ऑइल (ज्यात ॲडिटिव्ह मिसळतात ते मूळ तेल) घेऊन त्यालाही सिंथेटिक म्हटलं, मोबिलने आक्षेप घेतला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींवर निर्णय देणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. म्हणून आज अमेरिकेत आणि आपल्याकडे "फुल सिंथेटिक" लिहिलेल्या डब्यात ग्रुप ३ असू शकतं, जर्मनीत मात्र तोच शब्द वापरायला नियम कडक आहेत. ग्रुप ३ वाईट नाही, पण दोन फुल सिंथेटिक डब्यांची किंमत दुप्पट का हे त्या शब्दावरून कळणार नाही.

ब्रँडबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मुंबईत माहुलला एचपीसीएलची ल्युब रिफायनरी आहे, १९७४ ला एस्सो आणि ल्युब इंडिया एकत्र करून ही कंपनी बनली, अशा रिफायनऱ्यांतून बेस ऑइल येतं, आणि ॲडिटिव्हचं पॅकेज जगभरात मुख्यतः ल्युब्रिझॉल, इन्फिनियम, आफ्टन, ओरोनाइट ह्या चौघांकडून येतं. म्हणजे दोन वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत पॅकेज एकाच कारखान्यातलं असू शकतं. त्यामुळे व्हिडिओत फिरत्या चाकाला लोखंड घासून "हे जिंकलं" दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका, ती चाचणी ग्रीस, गिअर ऑइलची आहे, इंजिनचं बेअरिंग ऑइलवर तरंगतं. एपीआयच्या चाचणीत खरं इंजिन तासन्‌तास तापवून चालवतात, मग उघडून पिस्टनवरचा थर, स्लज म्हणजे चिकट गाळ, कॅमची झीज मोजतात.

आणि पातळपणाची शर्यत अजून चालूच आहे. अमेरिकेत मायलेजच्या कायद्यामुळे २००१ च्या मॉडेल्सपासून फोर्ड आणि होंडा ५डब्ल्यू-२० वर गेले, २०१३ ला एसएईने १६ ग्रेड काढला आणि २०१५ ला १२ आणि ८, मधले १५ आणि १० मुद्दाम सोडले कारण ते डब्ल्यूवाल्या आकड्यांशी गोंधळले असते. मारुती आपल्या नव्या के-सिरीजच्या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगते, आणि त्या इंजिनाची बेअरिंगं, ऑइल पंप त्या जाडीसाठीच बनवलेले असतात. आमच्या त्याच मिस्त्रींचा मुलगा आता गॅरेज चालवतो. गेल्या महिन्यात माझ्या गाडीत त्याने ०डब्ल्यू-१६ ओतलं, एक थेंब सवयीने बोटात धरला, ताणला, तार आलीच नाही, आणि मग त्याने मॅन्युअलचं पान उघडून आकडा डब्याशी जुळवून बघितला.