एका दिवसाचा वाटा : काळ-कामाच्या उदाहरणांची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे भाताची रोपलावण सुरू आहे असे समजा. एक टोळी एक शेत १० दिवसांत लावते, दुसरी तेच शेत १५ दिवसांत. दोन्ही टोळ्या एकदम उतरल्या तर किती दिवस लागतील? पुष्कळ मुले १० आणि १५ ची सरासरी काढून साडेबारा लिहितात. पहिली टोळी एकटीच दहा दिवसांत मोकळी होते, मग मदतीला माणसे आल्यावर जास्त दिवस कसे लागतील? एवढे विचारले तरी चूक उघडी पडते. दिवसांची बेरीज किंवा सरासरी इथे चालत नाही, कारण वेग वाढला की दिवस घटतात. बेरीज होते ती एका दिवसाच्या वाट्यांची: १/१० + १/१५ = ५/३० = १/६. म्हणून ६ दिवस.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनच्या ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन गणितग्रंथात पाच पाटांनी भरणाऱ्या तळ्याचे उदाहरण आहे. एकेकटे पाट ते तळे १/३, १, २ १/२, ३ आणि ५ दिवसांत भरतात. पाचही सोडले तर १५/७४ दिवस लागतो. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०) चार झरे एक विहीर अनुक्रमे १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात. रीत सरळ आहे: प्रत्येक अपूर्णांक उलटा करा, बेरीज करा, तिने एकाला भागा. १ + २ + ३ + ६ = १२, म्हणून उत्तर १/१२ दिवस.

छेद सारखे करायला लागणाऱ्या लसाविचा एक जुना उल्लेख तर याच कर्नाटक राज्यातला आहे. इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला, आणि त्यात लसाविला ‘निरुद्ध’ असे नाव आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आज क्लासमध्ये ‘शॉर्टकट’ म्हणून शिकवतात तो हाच लसावि: शेताचे ३० वाफे धरा, पहिली टोळी रोज ३ लावते, दुसरी २, दोघी मिळून ५, म्हणून ६ दिवस. अपूर्णांकाला बिचकणाऱ्या मुलाला आधी हे वाफे द्यावेत, मग १/३० चा अर्थ त्याला आपोआप दिसतो.

पूर्वी ही बिचक कमी होती, त्याला कारण व्यवहार. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. रुपयाचे १६ आणे, म्हणजे १९२ पै. त्यामुळे तिसरा हिस्सा बरोबर ५ आणे ४ पै निघे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. शंभर पैशांचा तिसरा हिस्सा पुरा निघत नाही, आणि अपूर्णांक बाजारातून उठून वहीत गेला. सीमाभागात तर मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांचे शब्द कानावर असतात: पाव आणि कालु, पाऊण आणि मुक्कालु, अपूर्णांक आणि भिन्नराशी, लसावि आणि ल.सा.अ. शिक्षकाने दोन्ही शब्द शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिले तर मूल अडत नाही.

खरी परीक्षा मात्र टोळी मध्येच निघून गेल्यावर होते. वरच्या शेतात दोघींनी २ दिवस लावणी केली आणि दुसरी टोळी गेली. मुले ६ मधून २ वजा करून ४ लिहितात. ते ४ दिवस दोघींचे आहेत, एकीचे नव्हेत. झालेले काम २ × १/६ = १/३, उरले २/३. पहिलीच्या वेगाने २/३ × १० = ६ २/३ दिवस. आठ तासांचा दिवस धरला तर ६ दिवस, ५ तास २० मिनिटे.

हौदाच्या उदाहरणात गळती असेल तर तिचा वाटा वजा करायचा. तोटी ४ तासांत भरते, गळतीने भरलेला हौद १२ तासांत रिकामा होतो: १/४ − १/१२ = १/६, म्हणजे ६ तास. गळती तोटीहून जोरात असेल तर वजाबाकी ऋण येते आणि रिकामा हौद कधीच भरत नाही. ‘भरणार नाही’ हेच तिथले पूर्ण उत्तर आहे.