आयसीयूमधला लंग अल्ट्रासाउंड
पेशंटच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून फुफ्फुसात काय बिघडलंय ते बेडपाशीच बघायचं, ही ती तपासणी. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सीटीला हलवणं जोखमीचं, आणि झोपलेल्या पेशंटच्या पोर्टेबल एक्सरेत छातीतलं थोडंसं पाणी किंवा पुढच्या बाजूला साठलेली हवा सहज सुटून जाते, म्हणून याची खरी गरज आयसीयूतच पडते.

हवेतून अल्ट्रासाउंड पुढे जात नाही, त्यामुळे फुफ्फुसाची सोनोग्राफी होतच नाही असं बरीच वर्षं समजलं जायचं. फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी या समजाला छेद दिला, त्यांचा ब्लू प्रोटोकॉल (दम लागण्याचं कारण या सोनोग्राफीने शोधायची ठरावीक पद्धत) २००८ साली प्रसिद्ध झाला. मुद्दा असा की हवा भरलेलं फुफ्फुस स्वतः दिसत नाही, दिसतात ते आर्टिफॅक्ट, म्हणजे ध्वनिलहरी परतल्यामुळे स्क्रीनवर उमटणाऱ्या आभासी खुणा, आणि निदान त्यांच्यावरूनच होतं.

दोन बरगड्यांच्या सावल्यांमध्ये चकाकणारी प्लुराची (फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाची) रेघ आधी शोधायची. श्वासाबरोबर ती सरकताना दिसली (लंग स्लायडिंग) तर किमान त्या जागी तरी न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) नाही. पण सरकत नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स आहेच असं धरून चालू नये, व्हेंटिलेटरची ट्यूब एकाच ब्रॉन्कसमध्ये (एका फुफ्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेत) गेली असेल किंवा प्लुरा चिकटलेला असेल तरी ती थांबते. प्रोब बाजूला नेत नेत जिथे एकाच चित्रात श्वासागणिक स्लायडिंग येतं-जातं ती जागा सापडली, म्हणजे लंग पॉइंट, तर न्यूमोथोरॅक्स जवळपास पक्का. मात्र फुफ्फुस पूर्ण कोलॅप्स झालं (आकसून बसलं) असेल तर हा पॉइंट मिळतच नाही, हे विसरून चालत नाही.

प्लुरापासून स्क्रीनच्या तळापर्यंत उतरणाऱ्या उभ्या रेषा म्हणजे बी-लाइन्स. दोन बरगड्यांमध्ये ३ किंवा जास्त दिसल्या तर फुफ्फुसात पाणी किंवा सूज वाढलीय असं समजतात. दोन्हीकडे सारख्या पसरलेल्या आणि प्लुरा गुळगुळीत असेल तर हार्ट फेल्युअरचा संशय जास्त, मध्येमध्ये चांगले भाग सुटलेले आणि प्लुरा खडबडीत असेल तर एआरडीएसचा (फुफ्फुसांना आलेल्या गंभीर सुजेचा). नुसत्या रेषा मोजून निदान करणं चुकीचंच, हिस्टरी आणि हार्टचा इको सोबत बघावाच लागतो.

न्यूमोनियात घट्ट झालेला भाग लिव्हरसारखा दिसतो, त्यात श्वासाबरोबर हवेचे पांढरे ठिपके पुढे-मागे हलले तर न्यूमोनियाकडे कल जातो, कारण ब्रॉन्कस बंद होऊन झालेल्या कोलॅप्समध्ये ते सहसा हलत नाहीत.

त्वचेखाली हवा शिरली असेल किंवा छातीवर मोठं ड्रेसिंग असेल तर फारसं काही दिसत नाही, आणि प्लुरापर्यंत न पोचलेला आतला आजार तर यात दिसणारच नाही, तिथे सीटीच करावा लागतो.