काळ्या साक्याची गोष्ट: कंपोस्टच्या रसायनाची पार्श्वभूमी

पालापाचोळा कुजून काळा होतो, तेव्हा त्यात नेमकं काय तयार होतं? १७८६ मध्ये फ्रान्झ आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, अल्कलीत (आम्लाच्या उलट गुणाच्या द्रावणात) घोळवून त्याचं गडद द्रावण काढलं. त्यात आम्ल टाकताच काळा साका तळाशी बसला. पुढे यालाच ह्यूमिक आम्ल म्हणू लागले. वनस्पती ह्यूमसवरच, म्हणजे कुजून बनलेल्या काळ्या पदार्थावरच पोसतात, असं जर्मन शेतीतज्ज्ञ आल्ब्रेख्त थेअर सांगत. श्प्रेंगेल आणि नंतर लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८४० पर्यंत ते खोडून काढलं. झाडाला जमिनीतून खनिजं लागतात, कार्बन हवेतून मिळतो. पोषणाचा वाद मिटला, पण साका कुठून येतो हा प्रश्न तसाच राहिला.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये लाकडातून सेल्युलोज हा तंतुमय पदार्थ वेगळा केला आणि त्याला लपेटून असलेला, कार्बन जास्त असलेला भागही दाखवला. तेच लिग्निन. ढिगात आधी साखर आणि स्टार्च संपतात, मग हेमिसेल्युलोज (सेल्युलोजचाच सैल भाऊबंद) आणि सेल्युलोज. लिग्निन मागे रेंगाळतं. म्हणून काळेपणाचं श्रेय दीर्घकाळ त्यालाच मिळालं. १९३० च्या दशकात मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक सेल्मन वॅक्समन यांनीही ह्यूमस म्हणजे उरलेलं लिग्निन आणि सूक्ष्मजीवांची प्रथिनं यांचा संयोग, असंच मांडलं.

माझ्या मते खरं वळण त्याआधीच, १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात आलं. तिथल्या हचिन्सन आणि रिचर्ड्स या संशोधकांना दिसलं की नुसता पेंढा कुजायला फार वेळ घेतो, पण त्याला नायट्रोजन दिला की भराभर कुजतो. जिवाणू-बुरशींना स्वतःची शरीरं बांधायला नायट्रोजन हवा असतो. कार्बनचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, नायट्रोजन बराचसा टिकतो. त्यामुळे सुरुवातीचं साधारण ३०:१ हे कार्बन-नायट्रोजन प्रमाण शेवटी १०-१५:१ वर येतं. नायट्रोजन गरजेपेक्षा जास्त झाला, तर तो अमोनिया होऊन निसटतो. हिरव्या गवताचा ढीग उकरला की नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो, तो याचाच. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीतज्ज्ञांनी याच हिशेबावर शेण, राख आणि पालटणी (ढीग वरखाली करणं) यांची कंपोस्टची पद्धत बसवली.

लिग्निन फोडणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, मात्र १९८३ मध्ये एका पांढऱ्या कुजीच्या (लाकूड पांढरं पाडत कुजवणाऱ्या) बुरशीत सापडलं. इतर एन्झाइमं ठरावीक जागी बंध कापतात. हे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने लिग्निनच्या रेणूतल्या वलयातून एक इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि पुढची मोडतोड आपोआप होते. या कामाला ऑक्सिजन लागतो. पाणी तुंबलेल्या ढिगात काड्या महिनोन्‌महिने काड्याच राहतात, त्या यामुळेच.

आणि आखार्डचा साका? २०१५ मध्ये लेहमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. तीव्र अल्कलीने मातीतून जे निघतं, ते मातीत त्याच रूपात असतं याला पुरावा नाही. तिथे असतात ते लहान-मोठे तुकडे, सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि त्यांना धरून ठेवणारी खनिजं. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही. खताच्या पिशवीवर छापलेला ह्यूमिक आम्लाचा टक्का मात्र आजही अल्कलीतूनच काढला जातो.