गुलाल उडाला की लॅपटॉप का अडकतो: एचडी फुटेज आणि जुना कॉम्प्युटर

गणपती झाले की गिरगाव-लालबागच्या मंडळांतल्या पोरांचा एक प्रश्न हमखास येतो. विसर्जनाचा व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये मख्खन चालतो, मग तीच फाइल एडिटिंगला टाकली की कॉम्प्युटर झोपतो कसा? फाइल तीच, मशीन तेच. बहुतेकांना वाटतं मशीन म्हातारं झालं, आता नवीन घ्यायला पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही, कारण दोष मशीनच्या वयाचा कमी आणि फाइल कशी बांधलीय त्याचा जास्त असतो, आणि हे एकदा कळलं की आठ-दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही काम नीट होतं.

आधी आकडे बघू. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल. कॅमेऱ्यात रंगाची माहिती सहसा थोडी कमी ठेवतात, तरी एका फ्रेमला साधारण ३ एमबी लागतात, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर झाले ७८ एमबी, आणि तासाभराचं शूटिंग २८० जीबी! एवढं छोट्या कार्डावर मावणारच नाही. म्हणून सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी हा रेकॉर्डिंगचा प्रकार आणला, त्यात एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीने तेच फुटेज सेकंदाला जास्तीत जास्त ३ एमबीत बसवतात. म्हणजे सव्वीस भागांतला एकच भाग शिल्लक राहतो, बाकीचा कॉम्प्युटरने पुन्हा हिशोब करून उभा करायचा.

हा हिशोब मंडळाच्या वर्गणीच्या वहीसारखा असतो. मधूनमधून एका पानावर पूर्ण शिल्लक लिहिलेली, आणि त्यानंतर रोजची फक्त जमा आणि खर्च. व्हिडिओत पूर्ण शिल्लक म्हणजे आय-फ्रेम, अख्खं चित्र. नंतरच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात (काही फ्रेम तर पुढच्या फ्रेमचाही आधार घेतात), आणि अशा कॅमेऱ्यांत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक नवीन आय-फ्रेम येते.

आता सरळ बघत गेलात तर त्रास नाही, एकापुढे एक बेरीज होत जाते, शिवाय ग्राफिक्स चिपमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो आणि प्लेअर तो वापरतो. पण एडिटिंगमध्ये आपण सरळ कुठे जातो? ढोलावर टिपरू नेमकं पडतं ती फ्रेम शोधायची म्हणून तुम्ही डावा बाण दाबून एक फ्रेम मागे येता. तुमच्यासाठी ती एकच फ्रेम, पण मशीनला मागच्या आय-फ्रेमपर्यंत जाऊन तिथून मधल्या सगळ्या फ्रेम परत उलगडत यावं लागतं. पुन्हा बाण, पुन्हा तेच. त्यात दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकावर एक ठेवलं, वर रंग सुधारायचा इफेक्ट टाकला, की प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो.

आणि विसर्जनाचं फुटेज तर सगळ्यात अवघड. एच.२६४ चित्राचे छोटे चौकोन पाडून बघतं की हा चौकोन आधीच्या फ्रेममधून किती सरकला, बस जाताना शूट केली तर हे छान जमतं कारण अख्खी बस एका दिशेला जाते, पण गुलालाचा प्रत्येक कण वेगळीकडे उडतो, चौपाटीवरची लाट प्रत्येक फ्रेमला वेगळी, आणि गर्दीत हजार हात वर. कुठलाच चौकोन आधीच्यासारखा नाही. मग कॅमेरा तिथे डेटा वाढवतो, मर्यादा संपली की चित्र चौकोनी फुटतं, आणि जिथे डेटा जास्त तिथे उलगडायलाही वेळ जास्त. म्हणून एडिटिंगमध्ये बरोबर गुलालाच्या शॉटलाच टाइमलाइन (शॉट ओळीने लावायची पट्टी) अडकते.

उपाय सोपा आणि फुकट आहे: एडिट करायच्या आधी फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून घ्या. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, आधीच्या कुणावर अवलंबून नाही, त्यामुळे कुठेही उडी मारा, एकच फ्रेम उलगडायची. किंमत जागेची. सेकंदाला १५ एमबी, म्हणजे तासाला ५४ जीबी, जिथे मूळ फुटेज ११ जीबीत बसत होतं. पण जुन्या मशीनची साधी फिरती हार्डडिस्कही १५ एमबी आरामात देते, थकलेला असतो तो प्रोसेसर, म्हणून ओझं त्याच्यावरून काढून डिस्कवर टाकायचं, एवढाच सगळा खेळ आहे. हे बदलायला एफएफएमपेग आहे, शटर एन्कोडर आहे, दोन्ही मोफत. क्वालिटी यातून वाढत नाही हे लक्षात ठेवा.

जागा नसेल तर प्रॉक्सी करा. केडेनलाइव्ह, शॉटकट, दाविंची रिझॉल्व्ह या तिन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. ९६० बाय ५४० ची छोटी कॉपी बनते, म्हणजे पिक्सेल पावच, कट तिच्यावर करायचे आणि शेवटी एक्सपोर्टला सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल घेतं. रूपांतर रात्री लावून ठेवा, पण लॅपटॉप गादीवर नको, मुंबईच्या उकाड्यात पंख्याची जाळी धुळीने भरलेली असली की चिप तापते आणि स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते, मग दोन तासांचं काम सकाळपर्यंत चालतं.

इम्पोर्ट करताना कार्डातल्या फक्त एमटीएस (म्हणजे व्हिडिओच्या) फाइल उचलू नका, प्रायव्हेट नावाचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. कार्ड फॅट ३२ (फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) चं असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून कॅमेरा लांब शॉटचे तुकडे करतो, आणि ते कसे जोडायचे याची नोंद बाकीच्या फाइलींत असते. ती मागे राहिली तर जोडावर आवाज तुटू शकतो, ढोलाच्या ठेक्यात तर तो लगेच कळतो.

मोबाईलच्या फुटेजचं दुखणं वेगळं. फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते, कमीजास्त करत राहतो, त्यामुळे काही एडिटरमध्ये शेवटी शेवटी टिपरू आधी पडतं आणि आवाज नंतर येतो, तेव्हा बदलून घेतानाच फ्रेमरेट एका आकड्यावर पक्का करा. नवे फोन एच.२६४ च्या पुढच्या एच.२६५ पद्धतीत शूट करतात, ते आणखी घट्ट बांधलेलं, आणि २०१५ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ते उलगडायचा वेगळा भागच नाही. आयफोन असेल तर मिरवणूक निघायच्या आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवा, मग फुल एचडी शूटिंग एच.२६४ मध्येच होतं.