एका नावाचे दोन ‘हार्डनर’: पॉलिएस्टरचा आणि इपॉक्सीचा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत फायबरचे काम करणारी माणसे ‘हार्डनर’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या द्रव्यांसाठी वापरतात. पॉलिएस्टर रेझीनमध्ये (रेझीन म्हणजे काचेच्या कापडात भिनून घट्ट होणारे द्रव) मोजून थेंबभर टाकायचे कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रिया सुरू करून देणारे द्रव्य, हाही हार्डनर, आणि इपॉक्सी या दुसऱ्या रेझीनच्या मोठ्या डब्यासोबत मिळणाऱ्या छोट्या डब्यातले द्रव्य हाही हार्डनर. टाक्या, पत्रे आणि मशीनची कव्हरे करणाऱ्यांचे यामुळे फारसे बिघडत नाही, कारण त्यांच्या कामात इपॉक्सी क्वचितच येते. घरी स्की किंवा स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या पट्ट्या, बनवायला घेतलेल्या माणसाचे मात्र बिघडते, कारण तो रेझीनची सवय पॉलिएस्टरच्या कामातून घेऊन येतो आणि तीच सवय इपॉक्सीला लावतो. थंडी सुरू झाली की “गारठा आहे, हार्डनर थोडा वाढवू का?” हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. पॉलिएस्टरबाबत या प्रश्नाचे उत्तर ‘हो, थोडा वाढवा’ असे आहे. इपॉक्सीबाबत ते ‘कधीही नाही’ असे आहे.

पॉलिएस्टरची ओळख बहुतेकांना असल्यामुळे तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. हे रेझीन स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळवलेले असते, त्यात कोबाल्टचा एक्सलरेटर, म्हणजे वेग वाढवणारे द्रव्य, असतो, आणि त्याला घट्ट करण्यासाठी एमईकेपी नावाचे पेरॉक्साइड साधारण १ ते २ टक्के घालतात. हे पेरॉक्साइड फक्त सुरुवात करून देते; त्यापुढे रेझीन आणि स्टायरीन यांची साखळी आपोआप जुळत जाते. त्याचे काम विरजणासारखे आहे. थंडीत दही लागत नसेल तर आपण विरजण जरा जास्त लावतो, उन्हाळ्यात कमी लावतो, आणि दही दोन्ही वेळा दहीच होते. म्हणून टाकीच्या कारखान्यातला अनुभवी कारागीर सकाळी दोन झाकणे आणि दुपारी एक झाकण टाकतो, आणि त्याचे चुकत नाही. एकच गोष्ट इथे जिवाशी आहे: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यांचा भडका उडतो.

स्कीसाठी पॉलिएस्टर का चालत नाही, हेही थोडक्यात सांगतो. स्की म्हणजे निरनिराळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवून केलेला पट्टा असतो: खाली पॉलिइथिलीनचा तळ, त्याभोवती पोलादी कड, मग काचेचे कापड, मध्ये लाकडी गाभा, पुन्हा काचेचे कापड आणि वर रंगीत पत्रा. हा पट्टा बर्फावर दिवसातून हजारो वेळा वाकतो. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसते, पोलाद आणि लाकूड यांना बेताचेच धरते, आणि वारंवार वाकवल्यास थर सुटू लागतात. इपॉक्सी कमी आकसते आणि चिवटपणे धरते. हॉवर्ड हेड या विमान अभियंत्याने १९५०च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि लाकडी गाभा चिकटवून स्की केली, तेव्हापासून या वस्तूचा मुख्य प्रश्न चिकटण्याचाच राहिला आहे.

आता मूळ मुद्दा. इपॉक्सीचा हार्डनर विरजण नाही. घट्ट झालेल्या पदार्थाचा तो अर्धा पक्ष आहे. रेझीनच्या प्रत्येक रेणूच्या टोकांवर इपॉक्साइडचे गट असतात आणि हार्डनरमधल्या अमाइन या नायट्रोजनयुक्त गटांवर हायड्रोजनचे अणू असतात. एका गटाला एक हायड्रोजन लागतो, जसा एका बोल्टला एक नट लागतो. शंभर बोल्टांसाठी सव्वाशे नट आणले म्हणून जोड अधिक पक्के होत नाहीत. वरचे पंचवीस नट नुसते सुटे पडून राहतात, आणि रेझीनच्या बाबतीत ते कायमचे आतच राहून सगळा पदार्थ मऊ करतात. हार्डनर कमी पडला तर उलटे घडते: बोल्ट मोकळे राहतात आणि जाळे अर्धवट विणले जाते.

हे प्रमाण कुठून येते, तेही पाहू, कारण एकदा ते समजले की माणूस अंदाजाने ओतायचे धाडस करत नाही. नेहमीच्या द्रव इपॉक्सी रेझीनचे सुमारे १९० ग्रॅम घेतले की त्यात इपॉक्साइड गटांचा एक ‘संच’ मिळतो. टेटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हार्डनरचे रेण्वीय वजन १४६ आहे आणि त्याच्या एका रेणूवर कामाचे सहा हायड्रोजन असतात, म्हणून तेवढाच एक संच त्याच्या सुमारे २४ ग्रॅममध्ये मिळतो. १९० ला २४, म्हणजे १०० ग्रॅम रेझीनला साधारण १३ ग्रॅम. पॉलिइथरअमाइन जातीच्या सावकाश हार्डनरचा रेणू मोठा असतो. त्याचा संच सुमारे ६० ग्रॅमचा, म्हणून १०० ला ३२ लागतात. दोन्ही द्रव्यांना दुकानात ‘हार्डनर’च म्हणतात. एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावले तर काय होईल, हे सांगायला नको. डब्यावर छापलेले प्रमाण हा पाककृतीतल्या ‘चवीनुसार’सारखा सल्ला नसतो, तो या हिशेबाचा निकाल असतो.

यातच दुसरी चूक दडलेली असते. हे प्रमाण बहुधा वजनाचे असते आणि माणसे ते मापाने ओततात. रेझीन पाण्यापेक्षा जड असते, हार्डनर किंचित हलका. १०० मिलिलिटर रेझीनचे वजन सुमारे ११६ ग्रॅम भरते, तर ३२ मिलिलिटर सावकाश हार्डनरचे जेमतेम ३० ग्रॅम. म्हणजे प्रमाण १०० ला ३२ ऐवजी २६ पडते आणि जवळजवळ पाचवा हिस्सा हार्डनर कमी जातो. ज्या माणसाकडे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा नाही, त्याने इपॉक्सीचा डबा उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच हजारांचे काचेचे कापड घेणारा माणूस काट्यापाशी काटकसर करतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, रात्री निफाडकडून बोचरा वारा येत असताना, आम्ही दोघांनी स्कीची एक जोडी दाबायला घेतली. मदतीला आलेला माझा मित्र टाक्यांच्या कामात मुरलेला. ५०० ग्रॅम रेझीनला १६० ग्रॅम हार्डनर मोजून झाल्यावर तो म्हणाला, “अरे, या गारठ्यात हे सकाळपर्यंत धरणार नाही. चाळीस ग्रॅम अजून घाल.” मी घातले. सकाळी जोडी प्रेसमधून काढली तेव्हा ती सुरेख दिसत होती. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावले की मधोमध बोटभर फट दिसायला हवी. हीच स्कीची कमान. ती दिसली आणि आम्ही खूश झालो. मार्चमध्ये गुलमर्गला सहा दिवस वापरून परत आणली, तेव्हा त्या फटीत पोस्टकार्डही जेमतेम सरकत होते. शेपटीकडे पोलादी कडेजवळ नख दाबले, तर रेझीनवर नखाचा वण उमटला. वजन करून पाहण्यासारखे काही उरले नव्हते. बिघाडाचे कारण त्या वणातच दिसत होते.

थंडीवर उपाय आहेत, पण ते डब्यातल्या प्रमाणाबाहेरचे आहेत. अभिक्रियेचा वेग साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो, म्हणून वेग हवा असेल तर उष्णता वाढवावी: खोली गरम करावी, साचा गरम करावा, प्रेसमध्ये तापणारी चादर घालून ६० अंशांपर्यंत न्यावे. घरगुती प्रेसमध्ये अग्निशमनाच्या सपाट पाइपात ३ बारच्या आसपास हवा भरून दाब देतात. त्याच्या जोडीला ही चादर असली की नाशिकचा जानेवारी आणि मे सारखेच होतात. दुसरा मार्ग म्हणजे हार्डनरची जात बदलणे आणि त्या जातीचे प्रमाण नव्याने पाळणे. तरीही स्कीसाठी मी नेहमी सावकाश हार्डनरच घेतो. दोन स्कीचे सगळे थर भिजवून रचायला पाऊण तास सहज लागतो, आणि जलद हार्डनर मगमध्येच तापून धुरायला लागतो. कालवलेले मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे. मगमध्ये ते स्वतःच्याच उष्णतेने उकळते. थंडीत डब्यातल्या रेझीनने मधासारखी साखर धरली असेल तर घाबरू नये. ५० अंशांच्या पाण्यात डबा ठेवला की ते पुन्हा नितळ होते.

उष्णतेचा आणखी एक लाभ असा की घट्ट झालेल्या इपॉक्सीचा टीजी वाढतो, म्हणजे ज्या तापमानाला ते कडकपणा सोडून रबरासारखे होऊ लागते ते तापमान वर जाते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या इपॉक्सीचा टीजी अनेकदा ५०-६० अंशांच्या घरात असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिकीत एवढे तापमान सहज होते. प्रमाण चुकलेल्या मिश्रणाचा टीजी याहूनही खाली येतो, आणि कमान बसते ती तिथेच.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पॉलिएस्टर स्वस्त आहे आणि त्याला स्टायरीनचा उग्र वास येतो. टाक्यांसाठीची चुरामॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, इपॉक्सीत बरेचदा नीट भिजत नाही, कारण तिच्या धाग्यांना बांधणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो. विणलेले किंवा शिवलेले कापडच घ्यावे. चिकटपणाचा अर्थही वेगळा असतो: पॉलिएस्टरचा हवेकडचा पृष्ठभाग चिकट राहणे नेहमीचे आहे, कारण हवेतला प्राणवायू तिथली अभिक्रिया अडवतो. इपॉक्सीवर पावसाळ्यात मेणचट थर आला तर तो कोमट पाण्याने धुऊन जातो, पण धुतल्यावरही बोटाला चिकटत असेल तर प्रमाण चुकले आहे असे समजावे. एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. इपॉक्सीला वास कमी म्हणून माणसे हातमोजे काढून ठेवतात, आणि अमाइनमुळे कातडीला एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभराची असते. नायट्राइलचे हातमोजे शेवटच्या थरापर्यंत हातात असावेत.

आता मी प्रत्येक मिश्रणातले चमचाभर कागदी कपात काढून ठेवतो, कपावर तारीख आणि काट्यावरचे दोन्ही आकडे लिहितो, आणि तो कप प्रेसवरच ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नख उमटले नाही, तरच प्रेसमधली हवा सोडतो. त्या जानेवारीतल्या मगच्या तळाशी राहिलेला तुकडाही तिथेच ठेवलेला आहे, आणि त्याच्यावर नख अजूनही उमटते.