सॉइल गॅस किट नेताय? आधी ब्लँकचं बघा

"रिपोर्टमध्ये टोल्युइन आलंय. ते जमिनीतलं की तुमच्या किटमधलं?" जमिनीतल्या वायूचे (सॉइल गॅस) नमुने घ्यायचं किट आम्ही देतो, आणि हा फोन आम्हाला वारंवार येतो. याचं उत्तर इक्विपमेंट ब्लँक देतो, म्हणजे किटमधून स्वच्छ वायू ओढून घेतलेला तपासणीचा नमुना. पण बरेच जण ब्लँक म्हणून साइटवर कॅनिस्टरचा (नमुना ओढून घेणाऱ्या निर्वात डब्याचा) व्हॉल्व्ह उघडून तिथलीच हवा भरून आणतात. शेजारी जनरेटर, समोर रस्ता. त्या हवेत इंधनातून येणारं बेंझिन-टोल्युइन निघणारच. ट्यूब स्वच्छ होती की नव्हती, हे त्यावरून कळत नाही.

ब्लँक साइटवर जाण्याआधी, ऑफिसातच घ्या. 99.999 टक्के शुद्धतेचा नायट्रोजन जमिनीत जाणाऱ्या टोकाकडून आत सोडा. प्रोबची (जमिनीत घालायच्या नळीची) टिप, ट्यूब, व्हॉल्व्ह, फ्लो कंट्रोलर आणि मग कॅनिस्टर, असा पूर्ण मार्ग हवा. सिलिंडर थेट जोडला तर दाब चढतो, म्हणून टिपच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाका. कॅनिस्टर मिनिटाला 150 मिली ओढत असेल तर सिलिंडरमधून 300 मिली सोडा. जास्तीचा वायू टीच्या मोकळ्या तोंडातून निघून जातो. त्या तोंडाला मीटरभर ट्यूब लावा, नाहीतर खोलीतली हवा आत शिरते. गेजवर 5 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम उरला की व्हॉल्व्ह बंद करा.

ब्लँकमध्ये काही सापडलं तर तो आकडा नमुन्यातून वजा करू नका. ट्यूब बदला, स्टीलचे भाग डिटर्जंट घातलेल्या गरम पाण्याने धुवा, डिस्टिल्ड वॉटरने खळबळून पूर्ण वाळवा आणि ब्लँक पुन्हा घ्या. अ‍ॅसिटोनने पुसू नका, तेच रिपोर्टमध्ये उतरतं. लीक टेस्टला (बाहेरची हवा आत शिरते का ते बघायला) आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर त्याचं कापड धरलेल्या हातमोज्यांनी फिटिंगला हात लावू नका.

वापरलेली ट्यूब आम्ही परत का घेत नाही, यावर कुरकुर असते. ट्यूबमध्ये मुरलेली वाफ जमिनीतल्या पुढच्या भोकाच्या नमुन्यात उतरते. सिलिकॉन आणि पीव्हीसीत हे सर्वात जास्त, म्हणून आम्ही नायलॉन किंवा टेफ्लॉनच देतो, दर भोकाला नवी.

आणखी एक नेहमीचा फोन: मुंबईत 30 इंच व्हॅक्यूम दाखवणारा कॅनिस्टर पुण्यात 28 दाखवतो. पुणे उंचावर, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून हा फरक; लीक नाही.

बुकिंगच्या वेळी भोकांची संख्या सांगा. तेवढ्या ट्यूब, एक जादा संच आणि ब्लँकचा कॅनिस्टर बांधून ठेवतो. नायट्रोजनची सोय नसेल तर ब्लँक आम्ही इथेच घेऊन देतो. मात्र त्याचा लॅब रिपोर्ट हातात आल्यावरच ड्रिलिंगवाल्याला तारीख द्या.