फोटोतल्या हसऱ्या शाळकरी मुली आणि जपानचं युद्ध

चेरीच्या फांद्या हलवत रनवेच्या कडेला उभ्या असलेल्या शाळकरी मुलींचा एक जपानी फोटो नेटवर अधूनमधून फिरत असतो. एप्रिल १९४५, जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेचा चिरान विमानतळ, विमानाला २५० किलोचा बॉम्ब लटकवलेला आणि आत परत न येण्यासाठीच निघालेला पायलट. फोटो खरा आहे, मुलीही खऱ्या आहेत, या मुलींना पायलटांचे कपडे धुणं, शिवणटिपण, बराकी झाडणं अशा कामांवर लावलं होतं. पण मागचं काहीच माहीत नसेल तर फोटो नुसता सुंदर दिसतो आणि मला तेच खटकतं.

सुरुवातीला सरकारला मुलगी हवी होती ती भावी आई म्हणून. 'चांगली बायको, शहाणी आई' हे मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) मुलींच्या शाळेत शिकवलंच जात होतं, त्यावर जानेवारी १९४१ मध्ये कॅबिनेटने लोकसंख्येचं धोरण ठरवलं, १९६० पर्यंत १० कोटी लोक, दर जोडप्याला सरासरी ५ मुलं आणि लग्नं ३ वर्षं लवकर. घोषणा होती, पोरं जन्माला घाला, संख्या वाढवा! बायकांना सक्तीने कामाला जुंपलं तर कुटुंबव्यवस्था मोडेल असं पंतप्रधान तोजो म्हणायचे. पण पुरुष फ्रंटवर गेले, कारखान्यात माणसं कमी पडायला लागली आणि मग मात्र सूर बदलला. ऑगस्ट १९४४ च्या हुकुमाने १२ ते ४० वयाच्या अविवाहित मुलीबायकांना कामावर बोलावता येऊ लागलं.

सरकारी प्रचारातलं मुलींचं चित्रही लगेच बदललं, किमोनो जाऊन ढगळ मोंपे पँट आली आणि कपाळाला पट्टी. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा १९४४ चा एक सिनेमा याच धाटणीचा आहे, लेन्सच्या कारखान्यात मुलांचं टार्गेट दुप्पट आणि मुलींचं फक्त दीडपट केलं तर मुली नाराज होतात, का? तर आमचं अजून वाढवा म्हणून! सिनेमा चांगला बनवलाय यात वादच नाही, नट्यांना खऱ्या कारखान्याच्या हॉस्टेलमध्ये ठेवलं होतं, आणि म्हणूनच तो जास्त पटतो.

आता जे दाखवलं गेलं नाही ते बघा. त्याच वर्षी हजारो शाळकरी मुली कागदी बलूनबॉम्ब बनवत होत्या, म्हणजे हाताने बनवलेल्या जपानी कागदाचे थर कोन्न्याकूच्या खळीने एकावर एक चिकटवायचे (कोन्न्याकू हा आपल्या सुरणाच्याच कुळातला कंद) आणि त्यातून १० मीटर व्यासाचा फुगा जोडायचा. कागद फाटू नये म्हणून नखं बारीक कापलेली हवीत, केसात पिन नको, १२-१२ तासांची शिफ्ट, आणि भूक इतकी की काही जणी ती खळच खायच्या. काम गुप्त, त्यामुळे आपण नक्की काय बनवतोय हे बऱ्याच जणींना धड माहीतही नव्हतं. असे ९ हजारांच्या वर फुगे बॉम्ब लटकवून वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले गेले. ५ मे १९४५ ला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ब्लाय गावाजवळ त्यातल्या एकाने एका गरोदर बाईचा आणि ५ मुलांचा जीव घेतला.

सगळ्यात वाईट झालं ते ओकिनावात, जपानच्या दक्षिणेकडच्या ज्या बेटावर अमेरिकन सैन्य उतरलं तिथे. मार्च १९४५ मध्ये दोन शाळांच्या २२२ मुली आणि १८ शिक्षक आर्मीच्या हॉस्पिटलला जोडले गेले, यांनाच पुढे हिमेयुरी म्हणू लागले. हॉस्पिटल म्हणजे डोंगरात खोदलेली भुयारं. अमेरिकन सैनिक पकडतील, अब्रू घेतील, हाल करून मारतील हे इतकं मनात भरवलेलं होतं की १८ जूनला 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून ऐन गोळीबारात बाहेर काढल्यावरही शरण जायची हिंमत होईना, काहींनी ग्रेनेडने स्वतःला संपवलं. २४० पैकी १३६ जण गेले, बहुतेक त्या आदेशानंतरच्या काही दिवसांत.

आणि युद्ध संपल्यावरही त्यांना तेच चित्र चिकटलं, देशासाठी हसत प्राण देणाऱ्या निष्पाप कुमारिका! वाचलेल्या कित्येक जणी वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. शेवटी १९८९ मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थिनींनीच ओकिनावात म्युझियम उभं केलं आणि वाचलेल्या बायका तिथे येणाऱ्यांना स्वतः सांगायला लागल्या की भुयारात काय वास यायचा, जखमी कसे ओरडायचे आणि आम्हाला जगायचं होतं.